मक्ता, मनोरा आणि मुलूख

१९९१ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या खासगी टीव्ही कंपन्यांनी आपापले आकडे बंद लिफाफ्यात घालून दिले. पुढची दहा वर्षं आपल्या भागात आयटीव्ही ही खासगी वाहिनी चालवण्याच्या हक्कासाठी दरसाल सरकारी तिजोरीत किती भरणार, तो हा आकडा. उत्पन्नातला ठरावीक टक्का द्यायचा, तो वेगळाच. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि आसपासचा सगळा मध्य इंग्लंड सांभाळणाऱ्या सेंट्रलनं लिहिलं, २,००० पौंड. आपल्यासमोर दुसरं कुणी उभं राहत नाहीये हे त्यांनी आधीच हेरलं होतं. परवाना त्यांना मिळाला. दक्षिण किनाऱ्यावरच्या टीव्हीएसनं ५ कोटी ९७ लाखांहून अधिक पौंड लिहिले. त्यांना मिळाला नाही, कारण एवढे पैसे भरून ही कंपनी तगणार नाही असं नियामकाचं मत पडलं. त्यांची जागा ३ कोटी ६५ लाखांवाल्या मेरिडियननं घेतली. यॉर्कशायर ३ कोटी ७७ लाखांना जिंकली. डोंगरापलीकडे मँचेस्टरची ग्रॅनडा अवघ्या ९० लाखांना जिंकली आणि तिच्याविरुद्ध साडेतीन कोटी मोजायला तयार असलेला गडी दर्जाच्या परीक्षेत नापास झाला. हे सगळं एका कायद्याखाली झालं आणि निकाल एकाच दिवशी लागले, १६ ऑक्टोबर १९९१ ला.

मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीचे परवाने लिलावात काढले आणि ब्रिटनचा प्रादेशिक टीव्ही मेला, अशी एक गोष्ट तिथे नेहमी सांगितली जाते. ऐकायला ती सोपी आहे आणि तिच्यातला खलनायकही आयता आहे. मला ती अर्धीच पटते. लिलाव मूर्खपणाचा होता यात वाद नाही. पण प्रादेशिक टीव्हीचा जीव परवाना कसा वाटला जातो यात कधी नव्हताच. तो दोन गोष्टींत होता. परवाना काढून घेतला जाऊ शकतो ही भीती, आणि परवाना हवा असेल तर त्या मुलखात राहावं लागेल ही अट. भीती गेली, अट सैल झाली, आणि मग जे व्हायचं ते झालं. लिलाव कसाही झाला असता तरी ते झालंच असतं.

मराठी वाचकाला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावानं दिल्या जाऊ लागल्या. ज्यानं जास्त बोली लावली त्याला परगणा, आणि मग त्यानं तो पिळून पैसे वसूल करायचे. एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक लिहिलं आहे. ‘मक्तेदारी’ हा आपला शब्द अशाच मक्त्यांतून आला आणि आता त्याचा अर्थ स्पर्धा नसणं एवढाच उरला. ब्रिटिश टीव्हीचा प्रवासही तसाच, मक्त्यापासून मक्तेदारीपर्यंत.

सुरुवातीला हा मक्ता भलताच विचारपूर्वक बेतला होता. १९५४ च्या कायद्यानं बीबीसीचा एकाधिकार मोडला, तेव्हा खासगी टीव्ही म्हणजे अमेरिकेसारखा जाहिरातींचा बाजार होईल अशी धास्ती अनेकांना होती. तोडगा असा निघाला: प्रक्षेपणाचे मनोरे सार्वजनिक नियामक संस्थेच्या मालकीचे, कार्यक्रम करणाऱ्या कंपन्या खासगी, आणि एक कंपनी सगळ्या देशाला नाही. प्रत्येक भागाला वेगळी. कंपनीनं आपल्या भागातल्या जाहिरातींवर जगायचं आणि मुदत संपली की पुन्हा दारात उभं राहायचं. २२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये पहिलं प्रक्षेपण झालं, पहिली जाहिरात टूथपेस्टची. पुढच्या सात वर्षांत स्कॉटलंड, टाइन नदीचा ईशान्य भाग, पूर्वेकडचा नॉरिच, प्लिमथ, बेलफास्ट, कार्लाइल, अगदी चॅनल बेटांपर्यंत एकेक कंपनी उभी राहिली. सुरुवातीची तंगी सरली आणि पैसा धो धो यायला लागला. स्कॉटिश टेलिव्हिजनचे मालक रॉय थॉमसन म्हणाले होते की हा परवाना म्हणजे स्वतःच्या नोटा छापण्याचा परवाना आहे. या एका वाक्यानं त्या धंद्याचं पुढे वीस वर्षं नुकसान केलं, कारण प्रत्येक संसदीय चर्चेत ते कुणी ना कुणी काढायचंच.

पण हे ‘भाग’ म्हणजे काय होतं? आपल्याकडे राज्यं भाषेवर बेतली आणि बेळगाव अजून सुटलेलं नाही. आयटीव्हीचे मुलूख बेतले ते मनोऱ्याच्या टप्प्यावर. लहरी जिथवर पोचतात तिथवर आपली हद्द. म्हणून वेल्सचा दक्षिण भाग आणि समुद्राच्या फाट्यापलीकडचं इंग्लंडमधलं ब्रिस्टल एकाच कंपनीच्या पदरात आले, कारण मधल्या पाण्याला लहरी जुमानत नव्हत्या. ब्रिस्टलकरांना आपल्या पडद्यावर वेल्श भाषेतले कार्यक्रम दिसायचे आणि ते कपाळाला हात लावायचे. बॉर्डर टेलिव्हिजन नावातच कबूल करत होती की ती सीमेच्या दोन्ही बाजूंची आहे: कार्लाइलमध्ये स्टुडिओ, काही प्रेक्षक इंग्रज, काही स्कॉटिश, आणि वर आइल ऑफ मॅन. १९ मार्च १९६९ ला एम्ली मूरचा ३८५ मीटर उंच मनोरा बर्फाच्या भारानं कोसळला तेव्हा यॉर्कशायर टेलिव्हिजनचा जवळजवळ सगळा मुलूखच काही दिवस हवेत विरला. मनोरा पडला की प्रांत गेला. अशा प्रांताला अस्मिता कुठून यायची, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न चुकीचा नाही.

अस्मिता आली मात्र. ती मनोऱ्यातून आली नाही, नियामकाच्या हट्टातून आली.

१९६७ ची फेरी त्यासाठी नीट पाहावी लागते. नियामक मंडळाचे अध्यक्ष तेव्हा लॉर्ड हिल होते. पेशानं डॉक्टर, युद्धकाळात बीबीसीवर ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून घराघरांत पोचलेले, नंतर हुजूर पक्षाचे मंत्री. तोवर लंडन, मध्य आणि उत्तर या मोठ्या भागांत आठवड्याचे दिवस एका कंपनीचे आणि शनिवार-रविवार दुसरीचे अशी वाटणी होती, आणि उत्तरेत लँकेशायर व यॉर्कशायर दोन्ही एकाच परवान्यात कोंबलेले. या दोन परगण्यांचं वैर इतकं जुनं की क्रिकेटच्या सामन्यातही ते पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिलं. हिल यांनी उत्तर उभी चिरली. ग्रॅनडाला पश्चिमेकडचा भाग सातही दिवस दिला आणि यॉर्कशायर हा नवाच मुलूख काढून त्याच्यासाठी अर्ज मागवले. लीड्समध्ये कर्कस्टॉल रोडवर स्टुडिओ उभा राहिला, जुलै १९६८ मध्ये चालू झाला. चार वर्षांनी तिथूनच यॉर्कशायरच्या डेल्स या खोऱ्यांमधल्या एका शेतकरी कुटुंबाची मालिका सुरू झाली, जी नाव थोडं आखूड करून आजही चालू आहे. यॉर्कशायरचा टीव्ही प्रेक्षकांनी मोर्चे काढून मिळवलेला नव्हता, बाजारानं निर्माण केलेला तर नव्हताच. एका टेबलाभोवती बसलेल्या मंडळानं नकाशावर रेघ मारली म्हणून तो झाला.

त्याच फेरीत बाकी जे झालं ते कसायाचं काम होतं. १९५५ मध्ये सगळ्यात आधी पडद्यावर आलेली रेडिफ्यूजन आणि वीकएंडवाली एबीसी यांचं बळंच लग्न लावून दिलं, त्यातून थेम्स जन्मली. त्या घरात वरचष्मा एबीसीचा. वेल्स आणि पश्चिमेची टीडब्ल्यूडब्ल्यू चक्क काढून टाकली, तिच्या जागी लॉर्ड हार्लेक यांचा गट आला, ज्यात रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलरसारखी झगमगती नावं होती. लंडनचा वीकएंड गेला एका नव्या गटाकडे, लंडन वीकएंड टेलिव्हिजनकडे. त्यांनी अर्जात संस्कृतीचे मनोरे बांधले होते. वर्षभरातच प्रेक्षक पळाले, व्यवस्थापकीय संचालकाला काढलं, त्यापाठोपाठ वरच्या फळीतल्या अनेकांनी राजीनामे दिले, आणि पडझडीत समभाग घेऊन आत शिरले रूपर्ट मर्डॉक. शेवटी गाडा रुळावर आणायला जॉन फ्रीमन यांना बोलवावं लागलं, हे थोड्याच वर्षांपूर्वी दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते. अर्ज करताना दिलेल्या आश्वासनांना काय किंमत असते ते यातून दिसलं. खुद्द लॉर्ड हिल यांचं पुढे काय झालं? निकाल लावून काही आठवडे होतात न होतात तोच पंतप्रधान विल्सन यांनी त्यांना उचलून बीबीसीच्या अध्यक्षपदी बसवलं. खासगी टीव्हीत उलथापालथ करणारा माणूस थेट प्रतिस्पर्ध्याच्या गादीवर.

हे सगळं बंद दाराआड चालायचं. कारणं दिली जात नसत, अपील नाही. लोकशाही देशात हे कसं चाललं याचं आज नवल वाटतं, आणि लिलावाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच होता. पैशाची बोली निदान मोजता तरी येते, लाटसाहेबांची मर्जी कशी मोजणार? मला हा मुद्दा खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणेन की त्या मर्जीतून यॉर्कशायर उभं राहिलं आणि नंतरच्या मोजमापातून एकही नवा मुलूख उभा राहिला नाही.

इथे पैशाचं एक यंत्र समजून घेतलं पाहिजे, कारण नॉस्टॅल्जियाच्या लेखांत ते कधीच येत नाही. या कंपन्यांवर सरकारनं १९६४ पासून खास कर बसवला होता, सुरुवातीला जाहिरातींच्या उत्पन्नावर. १९७४ मध्ये तो नफ्यावर नेला, आणि दर ठेवला नफ्याचा सुमारे दोन तृतीयांश. उरलेल्यावर पुन्हा नेहमीचा कंपनी कर. याचा अर्थ काय झाला? कार्यक्रमावर एक पौंड जास्त खर्च केला तर कंपनीच्या खिशातून जेमतेम काही पेन्स जाणार, बाकीचा भार सरकारी तिजोरीवर. मग हात आखडता कशाला घ्यायचा? ग्रॅनडा ब्रिटिश राजवटीच्या अखेरीवरची भव्य मालिका करायला युनिट घेऊन उदयपूर आणि सिमल्याला जाऊ शकली, त्यामागे कलेवरची निष्ठा होतीच. पण या कराचं गणितही होतं. हे गणित कुणी मुद्दाम आखलं नव्हतं, अपघातानंच ब्रिटिश टीव्हीचा सोन्याचा काळ त्यातून फुलला. १९९१ च्या बोलीनं ते बरोबर उलटं केलं. आता आकडा आधीच ठरलेला, कार्यक्रमावर खर्च करा किंवा करू नका, तो भरायचाच. वाचवलेला प्रत्येक पौंड आता भागधारकाचा. लिलावातलं खरं विष मला इथे दिसतं. कोण जिंकलं आणि कोण हरलं ही त्यापुढे किरकोळ बाब.

लिलावाआधीची शेवटची फेरी २८ डिसेंबर १९८० ला जाहीर झाली. अध्यक्ष लेडी प्लाउडेन. या फेरीतला एक निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात कुणाचा परवाना गेला नव्हता, निदान कागदावर तरी. एटीव्हीकडे मध्य इंग्लंडचा परवाना होता. पण मालक लू ग्रेड यांचं सगळं लक्ष लंडन आणि अमेरिकेवर. बाहुल्यांचा जगप्रसिद्ध कार्यक्रम त्यांनी केला तो लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत. बर्मिंगहॅमच्या पैशावर हॉलिवूडचा संसार. नियामकानं सांगितलं: कंपनीची पुनर्रचना करा, मालकी ५१ टक्क्यांवर आणा, स्थानिक भागधारक घ्या, एल्स्ट्री सोडा, आणि तुमच्याच मुलखाच्या पूर्व भागात, नॉटिंगहॅमला, खराखुरा स्टुडिओ बांधा. नाव बदलून सेंट्रल झालं. नॉटिंगहॅमचं केंद्र १९८४ मध्ये उभं राहिलं आणि एल्स्ट्रीचा स्टुडिओ बीबीसीनं घेतला. ‘जिथे कमावता तिथे राहा’ हा साधा नियम ब्रिटनमध्ये इतक्या ठणकावून त्याआधी सांगितला गेला नव्हता, आणि नंतर तर नाहीच.

दक्षिणेत सदर्न हरली आणि टीव्हीएस जिंकली. सदर्न इतकी दुखावली की तिनं नव्या कंपनीला आपला स्टुडिओ वेळेत वापरू दिला नाही. नव्यांना पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत, बसून तयारी करावी लागली. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री निरोपाच्या कार्यक्रमात सदर्ननं यावर एक टोमण्यांचं गाणंच गायलं. घर रिकामं करताना नव्या भाडेकरूसाठी भिंतीवर चार शब्द लिहून जावं तसं. यात हसू येतं, पण निर्णयामागचा हेतू पाहा. नियामकानं केंटमधला मनोरा लंडनच्या मुलखातून काढून दक्षिणेला जोडला आणि नव्या कंपनीला आग्नेय भागासाठी वेगळ्या बातम्या, मेडस्टोनला वेगळा स्टुडिओ करायला लावला. पुढे टीव्हीएसला मोठं व्हायचे डोहाळे लागले. आयटीव्हीत पाच मोठ्या कंपन्या देशभर दिसणारे कार्यक्रम वाटून घ्यायच्या आणि बाकीच्यांना पंगतीच्या टोकाला बसवायच्या. त्या पंगतीत पाट मिळेना म्हणून टीव्हीएसनं १९८८ मध्ये अमेरिकेतली एमटीएम ही निर्मिती कंपनी विकत घेतली. त्या कर्जानं कंबर मोडली. १९९१ चा तो अवाढव्य आकडा याच कंपनीचा.

प्लिमथचं मात्र मन मोडतं. तिथे १९६१ पासून गस हनीबन नावाचा बाहुला ससा होता. निवेदकाशेजारी बसायचा आणि डेव्हन-कॉर्नवॉलमधल्या पोरांचे वाढदिवस वाचले जात असताना उड्या मारायचा. १९८० च्या फेरीत कंपनी बदलली, वेस्टवर्ड जाऊन टीएसडब्ल्यू आली, ससा तोच राहिला. १९९१ मध्ये टीएसडब्ल्यूनं १ कोटी ६१ लाखांची बोली लावली, ती अव्यवहार्य ठरली, आणि ७८ लाखांवाली वेस्टकंट्री आली. टीएसडब्ल्यू थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढली आणि हरली. १९९२ च्या अखेरीस ससा डार्टमूरच्या माळावर घरी गेला. त्या ससोबाचं मूल्य कुठल्याही बोलीपत्रात भरता आलं नसतं हे खरं. पण ही गोष्ट सांगणारे एक विसरतात: पहिला खांदेपालट त्यानं सहज पचवला होता. मालक बदलण्याशी त्याचं वैर नव्हतं.

लिलावाचा कायदा १९९० चा, पण त्याची हवा आधीपासून तापत होती. १९८६ मध्ये पीकॉक समितीनं बोलीची शिफारस केली. १९८७ मध्ये थॅचर यांनी टीव्ही उद्योगाला अडवणुकीच्या प्रथांचा शेवटचा बालेकिल्ला म्हटलं. संघटनांचे तऱ्हेवाईक नियम पाहता त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मग एप्रिल १९८८ मध्ये थेम्सनं ‘डेथ ऑन द रॉक’ दाखवला. जिब्राल्टरमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघा निःशस्त्र सदस्यांना ब्रिटिश कमांडोंनी कसं मारलं, याचा शोध घेणारा कार्यक्रम. सरकारनं तो थांबवायची विनंती केली होती, नियामकानं ती मानली नाही. तीन वर्षांनी थेम्सचा परवाना गेला, ३ कोटी २८ लाखांच्या बोलीवर, आणि तो कार्ल्टनला ४ कोटी ३२ लाखांना मिळाला. सूड घेतला, असं आजही म्हणतात. सूड असेल तर तो भलताच आंधळा होता, कारण त्याच दिवशी थॅचर यांची लाडकी सकाळची वाहिनी टीव्ही-एएमही गेली. तिचे प्रमुख ब्रूस गिंजेल यांना थॅचर यांनी दुःख कळवणारं पत्र लिहिलं, त्यात हा कायदा आपल्याच हातचा असल्याची वेदनाही कबूल केली. गिंजेल यांनी ते पत्र जाहीर वाचून दाखवलं. आपल्याच सुरीनं बोट कापल्याची कबुली एवढ्या सभ्य इंग्रजीत क्वचितच कुणी दिली असेल.

गंमत म्हणजे १ जानेवारी १९९३ ला नवे मालक आले तेव्हाही नकाशा जवळजवळ जसाच्या तसा होता. तितकेच मुलूख, तितकेच परवाने. लिलावानं मुलूख मारले नव्हते. मारले पुढच्या दहा वर्षांनी, आणि ते मारणारे कुणी शत्रू नव्हते. दोन्ही मोठ्या पक्षांची सरकारं होती.

१९९४ च्या तोंडावर मालकीचे नियम सैल झाले. पाठोपाठ कार्ल्टननं सेंट्रल गिळलं, ग्रॅनडानं लंडन वीकएंडवर चाल करून तिला घेतलं, मेरिडियनच्या मालकांनी नॉरिचची अँग्लिया घेतली. १९९६ च्या कायद्यानं दोन परवान्यांची मर्यादाही गेली. मग वेस्टकंट्री कार्ल्टनकडे, यॉर्कशायर आणि ईशान्येची टाइन टीज दोन्ही ग्रॅनडाकडे, हार्लेक यांच्या गटाची वेल्समधली एचटीव्ही एकाकडून दुसऱ्याकडे. १९९६ मध्ये टाइन टीजचं नाव काढून ‘चॅनल ३ नॉर्थ ईस्ट’ ठेवलं, आणि ते ठेवणारे होते आता तिकडे आलेले तेच ब्रूस गिंजेल. २८ ऑक्टोबर २००२ ला इंग्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या पडद्यांवरून मुलखांची नावं उतरवून ‘आयटीव्ही१’ हे एकच नाव लावलं. २००३ च्या कायद्यानं उरलेलं कुंपण काढलं आणि २ फेब्रुवारी २००४ ला कार्ल्टन आणि ग्रॅनडा एक झाल्या. १९५४ मध्ये जी मुद्दाम टाळली होती, ती एक कंपनी निदान इंग्लंड-वेल्सपुरती अखेर झाली. पन्नास वर्षं लागली एवढंच.

या काळात कुणाचाही परवाना कार्यक्रमांच्या कारणानं गेला नाही. परवान्यांचं नूतनीकरण अर्जावर होऊ लागलं. २०१४ मध्ये दहा वर्षं, मग पुन्हा २०३४ पर्यंत. समोर दुसरा कुणी दावेदार बोलावलाच जात नाही. बाहेरून येऊन ‘ही माणसं तुमच्या मुलखाची नाहीत, आम्ही आहोत’ असं म्हणण्याची सोयच उरली नाही. लॉर्ड हिल लहरी होते, पण त्यांच्या लहरीला कंपन्या भ्यायच्या. आता भ्यावं असं काय आहे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. उपग्रह वाहिन्या १९८९ मध्ये आल्या, पुढे इंटरनेटनं जाहिराती नेल्या. स्थानिक जाहिरातींचा एकाधिकार असल्याशिवाय पंधरा कंपन्या, पंधरा इमारती, पंधरा संचालक मंडळं पोसणार कोण? विलीनीकरण झालं नसतं तर सगळ्याच बुडाल्या असत्या. यात तथ्य आहे. जुन्या कंपन्यांचा थाट मलाही परवडण्यासारखा वाटत नाही, आणि त्यांचे बरेचसे स्थानिक कार्यक्रम, खरं सांगायचं तर, भरतीचे असत. पण पैसे आटल्यावरही काय टिकलं ते पाहा. स्थानिक बातम्या टिकल्या. रोज संध्याकाळी सहाला त्या आजही वेगवेगळ्या भागांत वेगळ्या दिसतात. का? परवान्यात अट आहे म्हणून. २००९ मध्ये ऑफकॉम या आताच्या नियामकानं ती अट सैल केली, तर लगेच बॉर्डरच्या बातम्या टाइन टीजमध्ये मिसळल्या, कार्लाइलचा स्टुडिओ गेला, आइल ऑफ मॅन ग्रॅनडाला जोडलं. २०१३ मध्ये अट थोडी आवळली, तर थोडं परतही आलं. कंपनी तीच, बाजार तोच, फक्त अट बदलली.

दुसरा पुरावा स्कॉटलंडचा. तिथे एसटीव्ही अजून वेगळी कंपनी आहे, ग्लासगोची. अल्स्टरची, म्हणजे उत्तर आयर्लंडची, यूटीव्ही २०१६ पर्यंत वेगळी होती. या दोन्ही मुलखांना राजकीय वजन आहे, संसदा आहेत, वर्तमानपत्रं आहेत. टाइन टीजच्या किंवा अँग्लियाच्या मागे उभं राहायला असं कुणी नव्हतं. वेल्समध्ये तर हे नागडंच दिसलं. १९८० मध्ये वेल्श भाषेच्या वाहिनीचं आश्वासन सरकारनं मोडलं तेव्हा वेल्श राष्ट्रवादी नेते ग्वीनफोर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकार मागे फिरलं, आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये एस४सी सुरू झाली. तिला प्रेक्षक किती, हा हिशेब तेव्हा कुणी लावत बसलं नाही. नॉरिचसाठी उपोषणाला कोण बसणार?

तेव्हा आज ब्रिटनमध्ये लंडनबाहेर टीव्ही नेण्याची चर्चा पुन्हा चालते, बीबीसी सॅलफर्डला जाते, चॅनल ४ आपलं मुख्यालय लीड्समध्ये थाटते, तेव्हा मला एक चमत्कारिक विसरभोळेपणा दिसतो. सॅलफर्डला ग्रॅनडाही आहे, तिथून जवळच क्वे स्ट्रीटवर ती सत्तावन्न वर्षं होती. लीड्समध्ये १९६८ पासूनच मोठा स्टुडिओ आहे. सेंट्रलला सक्तीनं बांधायला लावलेलं नॉटिंगहॅमचं केंद्र विलीनीकरणानंतर बंद झालं, पुढे तिथे विद्यापीठाचा परिसर झाला. सरकार जे आता अनुदान आणि आर्जवं करून मागतं आहे ते एकेकाळी त्याला एका अटीत फुकट मिळत होतं, आणि ती अट त्यानं स्वतःच्या हातानं सोडवली.

१९५५ ची एक खूण मात्र अजून शाबूत आहे. लंडनचे परवाने आजही दोनच आहेत, एक आठवड्याचा आणि एक वीकएंडचा. शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला पहिल्याची वेळ संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. दर आठवड्याला त्या मिनिटाला आयटीव्ही लंडनचा पडदा आयटीव्हीच्या हाती सोपवते, आणि पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.